आमची वाटचाल: तारखांकडून तयारीकडे

लहान उत्पादकांच्या ट्रेडमार्क वादांसाठी कागदपत्रे आणि पुरावा उभा करून देणे, हे आमच्या पुण्यातल्या फर्मचे काम. मसाले, फरसाण, पंप, शेती अवजारे बनवणारे आमचे पक्षकार. पूर्वी या कामाचा मोठा भाग तारखा सांभाळण्यात जायचा. आता बहुतेक कष्ट दावा दाखल होण्याआधीच करावे लागतात. न्यायालयीन व्यवस्था बदलत गेली तसे आमचे कामही बदलत गेले.

2003 पासून ट्रेडमार्कची नोंद रद्द करण्याचे अर्ज चेन्नईत मुख्यालय असलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. प्रतिवादीने वादीची नोंदच चुकीची आहे असा मुद्दा घेतला आणि न्यायालयाला त्यात प्रथमदर्शनी तथ्य वाटले, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 124 प्रमाणे नोंद रद्दच्या अर्जासाठी तीन महिने मिळतात. अर्ज झाला की मूळ दावा थांबतो. मंडळाचे अध्यक्षपद 2016 नंतर दीर्घकाळ रिकामे राहिले, तेव्हा दावाही अडकला आणि ज्या अर्जासाठी तो अडकला तो ऐकायलाही कोणी नाही, अशी स्थिती झाली. थांबलेल्या दाव्यातही तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो, हे अनेक व्यावसायिकांना आजही माहीत नसते.

एप्रिल 2021 मध्ये मंडळ बरखास्त झाले आणि हे अर्ज उच्च न्यायालयांकडे आले. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्वतंत्र बौद्धिक संपदा विभाग सुरू केला, 2022 मध्ये त्याचे नियमही आले. आमच्या मते मंडळ जाणे हा योग्यच निर्णय होता. मात्र दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयात असेल तर नोंद रद्दचा अर्ज हायकोर्टातच करावा लागतो. फायली दोन होतात, आणि दोन्हीकडची विधाने तंतोतंत जुळली नाहीत तर समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो.

आमच्या कामाला खरे वळण दिले ते 2015 च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने. 2018 मध्ये दाव्याच्या मूल्याची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली आणि अगदी छोटे उत्पादकही या शिस्तीत आले. समन्स बजावल्यापासून कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, फार तर 120. त्यानंतर कैफियत घेतली जात नाही. कारखान्याच्या गेटवर समन्स घेऊन कोणीतरी टेबलावर ठेवून देतो आणि महिना तसाच जातो, म्हणून बजावणीची तारीख आम्ही सगळ्यात आधी विचारतो.

वादीने आपल्या ताब्यातली सगळी कागदपत्रे वादपत्रासोबतच, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जासोबतच, द्यायची असतात. मागाहून द्यायची तर न्यायालयाची परवानगी आणि सबळ कारण लागते. खरी मेहनत इथे आहे. सर्वांत जुने बिल, वर्षवार विक्रीचा सीएने प्रमाणित केलेला तक्ता, जाहिरातीची बिले, दर वर्षीचे लेबल, आणि प्रतिस्पर्ध्याचा पुडा बिलासकट विकत घेतलेला. सर्वाधिक फटका बिलांमुळे बसतो: त्यावर ‘मिरची पावडर 200 ग्रॅम’ एवढेच असते, ब्रँडचे नाव नसते. मग तो ब्रँड तेव्हा वापरात होता हे बिलावरून सिद्ध होत नाही. अशा वेळी लेबल छापणाऱ्या प्रेसची बिले आणि पाकिटाचे मंजूर प्रूफ कामी येतात. आजच बिलाच्या नमुन्यात ब्रँडचे नाव घालून घ्या, असे आम्ही प्रत्येक नव्या पक्षकाराला सांगतो.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याचे, कलम 63 लागू आहे. स्क्रीनशॉट किंवा ऑनलाइन दुकानाच्या पानाची प्रत द्यायची तर दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. पहिला भाग प्रत देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला, तिची ओळख पटवणारा संकेतांक. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते, त्यामुळे त्याची हॅश मूळ चित्राशी जुळत नाही. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपा.

वाणिज्यिक न्यायालय कायद्याचे कलम 12अ हा अजूनही सर्वांत नाजूक भाग. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. त्याचे शुल्क एक हजार रुपये, मुदत तीन महिने आणि दोघांच्या संमतीने आणखी दोन. हा काळ दावा दाखल करण्याच्या कायदेशीर मुदतीच्या हिशेबात धरत नाहीत. पाटील ऑटोमेशन निकालात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी सक्तीची ठरवली. ती गाळली तर वादपत्रच फेटाळले जाते. 2023 च्या यामिनी मनोहर निकालाने स्पष्ट केले की तातडीचा नुसता उल्लेख पुरेसा नाही, ती वादपत्रातून आणि कागदपत्रांतून दिसली पाहिजे. म्हणून नक्कल पहिल्यांदा कधी कळली, नोटीस कधी दिली, उत्तर काय आले, नमुना कधी विकत घेतला आणि नकली माल आजही कोणत्या दुकानात मिळतो, हे सारे आम्ही तारखांसह वादपत्राच्या मुख्य परिच्छेदांतच मांडतो. नोटिशीनंतर बराच काळ गेला असेल तर त्या काळात काय चालले होते, हेही तिथेच लिहितो.