खिडकी

पावणेबारा झाले. चित्र अजून टेबलावरच पडलंय.

माईने जाता जाता बघितलं आणि विचारलं, "घरात कुणी राहत नाही का गं?" एवढंच. गेली झोपायला.

चार दिवस चित्रातल्या त्या रात्रीवर घालवलेत मी. पहिला थर पाणीदार अल्ट्रामरीन निळ्याचा. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसले आणि धुकं आपसूक झालं. तो पूर्ण वाळू दिला, मग दुसरा. त्यानंतरचे दोन प्रशियन ब्लूचे. जलरंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे रोज सकाळी बघावं तर रात्रीची पुन्हा संध्याकाळ झालेली. झाडांच्या बुंध्यांना अल्ट्रामरीनमध्ये तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, काळा रंग न वापरता काळोख. सगळं जमलं. आणि दिसलं काय, तर खिडकीत दिवा नाही!

जलरंगात उजेड मागाहून आणता येत नाही, तेवढा कागद पहिल्याच दिवशी कोरा राखायचा असतो. मी नाही राखला. विसरले म्हणावं, तर पेन्सिलीची चौकट थरांखालून अजून दिसतेय. म्हणजे खिडकी ठाऊक होती. ब्रश तिच्यावरून गेला तेव्हा हात अडखळलाही नाही. मागच्या डिसेंबरपासून हे असंच... जाऊ दे.

पण खरंच विसरले का?

पांढऱ्या गवाशवर, म्हणजे खालचं झाकणाऱ्या दाट जलरंगावर, पिवळा ठिपका देता येईल. रात्रीच्या चित्रात घर आलं की सगळेच तो ठिपका देतात. नको.

मघाशी ओल्या ब्रशने खिडकी पुसून पाहिली. अल्ट्रामरीन थोडा उठला, प्रशियन ब्लू कागदात मुरलेला, ढिम्म. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये कुणी लाल रंग करायला गेला आणि हा निळा झाला, असं सांगतात. स्वतःच चुकून जन्मलेला, तो माझी चूक कशाला पुसू देतोय? हसूच आलं. टिपकागद दाबून ठेवला आणि दिवा बंद केला.

अंधुक उजेडात तांबडे रंग आधी काळे पडतात, निळे टिकतात. बुंध्यांतला सिएना गेला. पुसलेली चौकट मात्र जराशी उजळ दिसतेय. दिवा म्हणण्याइतकी नाही.

विसरले नव्हते बहुतेक.

सकाळी माईला सांगेन, राहतात की. पण पावणेबाराला शहाणी माणसं झोपलेली असतात.