जरा फिरव

काल दुपारी जेवण झाल्यावर लोळायचं सोडून मी सोसायटीच्या पार्किंगमधे आमच्या जुन्या फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून पडले होते, पाय दाराबाहेर. वॉचमनकाका दोनदा येऊन बघून गेले, बाई बऱ्या आहेत ना म्हणून.

तक्रार नेहमीचीच, इंडिकेटर लागत नाही. जुन्या फियाटवाल्यांना पुढचं सांगायला नकोच. फ्यूज काढायचा, उजेडात धरून बघायचा, तो ठणठणीत असतो, परत लावायचा, बोटाने जरा फिरवायचा की टिक टिक सुरू. चार दिवस. पाचव्या दिवशी परत खाली डोकं.

हे फ्यूज म्हणजे आत्ताच्या गाड्यांतले ते चपटे प्लॅस्टिकचे नव्हेत हां. चिनीमातीची इवलीशी गोळी, दोन्ही टोकं निमुळती, अंगावरून धातूची एक बारीक पट्टी, पांढरा 8 अँपियरचा आणि लाल 16 चा. दोन पितळी चिमट्यांमधे नुसता दाबून बसवलेला. त्यात आपली मुंबईची हवा, पावसाळा संपेस्तोवर चिमट्यांवर हिरवट थर चढतो, मग फ्यूज चांगला, वायर चांगली, बल्ब चांगला आणि करंट मात्र पलीकडे जात नाही. फिरवला की तो थर जरासा खरवडला जातो एवढंच. खरं तर पॉलिशपेपरने घासून चिमटे थोडे आत वाकवले की प्रश्नच मिटतो, पण ते करायला अख्खी दुपार लागते आणि फिरवायला दोन सेकंद. त्यामुळे आमच्या घरात चाळीस वर्षं फिरवणंच चालू आहे.

उडालेले फ्यूज पण मी टाकत नाही. कैलास जीवनच्या जुन्या डबीत सतरा आहेत. का ते विचारू नका, नवऱ्याने विचारून झालंय. एकाला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आहे, कुणा मेस्त्रीचा उद्योग. असं केलं की फ्यूज कधीच उडत नाही, मग त्याच्याऐवजी वायरिंग जळतं. 2023 च्या ऑक्टोबरमधे मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा मला इतक्या लोकांनी मेसेज केले, जणू आमच्याच घरात कुणी गेलं होतं.

तर फिरवणं. हे माझं लहानपणचं अधिकृत काम. गिअर स्टिअरिंगलाच, पुढची सीट सलग बाकासारखी, म्हणून मी कायम आईबाबांच्या मधे. आजोळ पुण्याला. तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, मुंबईला परत येताना जुन्या रस्त्याने बोरघाट उतरायचा, जुलैमधे धुकं असं की अमृतांजन पूल अंगावर आल्यावरच कळायचा. आणि नेमका तिथेच कुठेतरी वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबायचा. बाबा काचेतून डोळे न काढता म्हणायचे, "फिरव, फिरव!" मी खाली वाकून अंधारात हात घालायचे, डावीकडून दुसरा, बोटांना पाठ होता. फिरवला की वर खर्र खर्र सुरू. आई घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाला नाणं टाकायची आणि मला वाटायचं ते माझ्याच नावाने टाकलंय. शाळेत निबंध आला होता, मोठेपणी मी कोण होणार. मी वायपरवाली लिहिलं होतं, बाईंनी लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं.

काल म्हटलं एकदा नीट करूच. सगळे फ्यूज काढले, चिमटे घासले, आणि कुठला फ्यूज कशाचा ते कागदावर लिहायचं ठरवलं, कारण चाळीस वर्षांत ते कुणी केलेलं नाही. चावी फिरवली, इंजिन बंदच. मुलाला मागे उभं केलं, त्याच्या एका हातात मोबाईल, दुसरा हात खांबाला. एकेक फ्यूज काढायचा आणि काय काय बंद पडतं ते बघायचं. डावीकडून दुसरा काढला. वायपर बंद. इंडिकेटर बंद. बरोबर, हे माहीतच होतं. मग सहज ब्रेक दाबला आणि मागून पोरगं ओरडलं, "आई, ब्रेकलाइट पण नाही लागत गं!"

म्हटलं परत बघ. परत दाबला. नाही.

फ्यूज लावला, लागले. काढला, गेले.

वायपरसाठी बाबा एवढ्या जोरात का ओरडायचे हे मला कधी कळलं नव्हतं. काच तर ते हाताने पण पुसायचे, खिडकीतून फडकं बाहेर काढून. पण घाटाचा उतार, पाऊस, आणि आमच्या मागे भरलेले ट्रक. त्यांना माहीत होतं का, ते विचारायला आता ते नाहीत.

मी तशीच खाली पडून मुलाला म्हटलं, आधी गाडीच्या मागून बाजूला हो. तो म्हणाला, अगं गाडी बंद आहे, हँडब्रेक लावलाय.

म्हटलं, हो बाजूला.