मसाई पठार: फुलं बघायची तर खाली बसा

पन्हाळ्याला येणारी बहुतेक मंडळी तीन दरवाजा, अंधारबाव बघतात, झुणका-भाकर खातात आणि कोल्हापूरला परततात. मसाई पठार तिथून गाडीनं जवळच आहे. सप्टेंबरात तिकडं वळला नाहीत तर निम्मी सहल राहिली म्हणा.

आम्ही गौरी-गणपती उरकून गेलो, सोबत सासूबाई आणि पोरं. पठार म्हणजे जांभ्या दगडाचा अफाट माळ, वर मातीचा पातळ थर. पाणी खळग्याखळग्यांत साचतं आणि फुलं त्या ओलीवर जगतात. लांबून नुसती जांभळट-पांढरी झाक दिसते, मधूनमधून सोनकीचा पिवळा. खरी मजा उकिडवं बसल्यावर! सीतेची आसवं नावाची फुलं नखाएवढी, निळी-जांभळी. त्यांचे बारीक फुगे ओल्या मातीत दडलेले असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात, हे ऐकून धाकट्यानं पाय आखडून घेतले. शेजारीच दवबिंदू नावाचं रोपटं होतं. लालसर केसाळ पान, केसाच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यात अडकलेलं एक चिलट अजून तंगड्या झाडत होतं. पोरं तिथनं हलेनात.

सासूबाईंना त्या किडेखाऊ झाडांचं कौतुक शून्य. त्या रमल्या तेरड्यात. ‘अगं, ही तर आपली गौर!’ आमच्याकडं गौर तेरड्याच्या रोपांचीच आणतात. त्यांनी पोरांना पिकलं बोंड चिमटीत धरायला लावलं. टचकन फुटून बिया उडाल्या, आणि मग पोरांना दुसरा उद्योग सुचेना. फूल मात्र एकही तोडू दिलं नाही. आजीचा दरारा आहे तेवढा.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, शक्यतो रविवार टाळून. धुकं आलं की वाट उमगत नाही, तेव्हा पोरांचा हात सोडू नका. वर सावली नाही, पाणी-खाणं सोबतच न्या. कोल्हापुरी चपला घरी ठेवा. शेवाळलेल्या जांभ्यावर पकड असलेले बूटच हवेत. गाडी रस्त्यावरच लावा, चाकाखाली गेलेलं गेंदाचं पांढरं फूल परत उभं राहत नाही. शिवाजी महाराज 1660 च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडं गेले ते याच पठारावरून, म्हणून जुलैत पावनखिंडीच्या पदभ्रमंतीची गर्दी असते. फुलांसाठी ती वेळ नव्हे. आणि झुणका-भाकर परतताना खा, जाताना खाल्लीत तर खाली बसवणार नाही.