विधेयकांची शीट, महिना चौथा

मंडळी, कुठलं विधेयक कुठवर पोचलं हे टिपायला मी जी गूगल शीट ठेवतो, ती आता लायनीवर आलीय असं मागच्या वेळी म्हटलेलं. नाही आली.

रूटीन तेच आहे, सकाळी बोरिवलीवरून सीट मिळाली की अंधेरीपर्यंत पीआरएसचं (संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था) बिल ट्रॅक हे पान बघायचं, मग डिजिटल संसद ही संसदेची साइट, आणि दादरच्या गर्दीआधी तारखा गूगल शीटमध्ये टाकायच्या. केंद्राच्या विधेयकांना पीआरएस एकदम झकास, कधी मांडलं, समितीकडे गेलं का, रिपोर्ट कधी आला, सगळं एका पानावर.

तर या महिन्यात जुनी विधेयकं भरून शीट टेस्ट केली आणि पहिल्याच फटक्यात इन्कम टॅक्सच्या विधेयकाने आडवं केलं. १३ फेब्रुवारी २०२५ ला लोकसभेत मांडलं, ३१ जणांच्या प्रवर समितीकडे गेलं, ८ ऑगस्टला सरकारने मागे घेतलं आणि ११ ऑगस्टला ‘क्रमांक २’ म्हणून नवीन मांडून त्याच दिवशी लोकसभेत मंजूरपण! माझ्याकडे स्टेटस तीनच, प्रलंबित, मंजूर, फेटाळलं. ‘मागे घेतलं’ हा प्रकार मी धरलाच नव्हता.

खरी गंमत राज्याची. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ ला मुंबईच्या अधिवेशनात आलं, मग निवडणूक लागली, जुनी विधानसभा गेली तसं तेही गेलं, आणि डिसेंबरात नागपूरला परत मांडलं. नाव तेच, वर्षही २०२४ च, त्यामुळे डुप्लिकेट काढायचा माझा फॉर्म्युला (ज्याचा मला फार अभिमान होता) त्याने जुलैची ओळ राखली आणि डिसेंबरची उडवली, म्हणजे जे संयुक्त समितीतून जाऊन १० जुलै २०२५ ला विधानसभेत मंजूर झालं ते माझ्याकडे नाहीच, आणि मेलेलं मात्र प्रलंबित म्हणून बसलंय. आता नावासोबत मांडल्याची तारीख जोडून ओळखतो.

पीडीएफचा वैताग आहेच. मराठी प्रतीत विधेयकाचा क्रमांक देवनागरीत, इंग्रजी प्रतीत रोमन आकड्यांत (I, V, X वाले), त्यामुळे सर्चला दोन्ही एकच आहेत हे कळतच नाही. स्कॅन प्रत ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर सुटतो, फुकटात, पण जोडाक्षरांची पार वाट लागते, ती हाताने नीट करावी लागतात.

गूगल अलर्टमध्ये नुसतं ‘विधेयक’ टाकू नका, दिवसभर फोन वाजतो. ‘जनसुरक्षा’सारखा पेपरवाले वापरतात तो शब्द टाका.

रोमन आकडे देवनागरीत करणारा फॉर्म्युला कोणाकडे तयार असेल तर द्या. रविवारी मेगाब्लॉक आहे, घरीच बसून लावतो.