नोंद १४ : ‘हट्टी’ची सहा कार्डं आणि लाथाळ म्हैस

अंकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपमध्ये इंग्रजी शब्द पाठ करण्यासाठी मागच्या नोंदीत मराठीकडून इंग्रजीकडे जाणारी उलटी कार्डं सुरू केली होती. महिन्याभरात लीचची, म्हणजे वारंवार चुकणाऱ्या कार्डांची, यादी ३८वर गेली आहे. त्यातली बहुतेक कार्डं जवळपास एकाच अर्थाच्या शब्दांच्या चार-पाच पुंजक्यांतलीच आहेत, आणि सगळ्यांत चिवट पुंजका ‘हट्टी’चा: ऑब्स्टिनिट, ऑब्ड्युरिट, इन्ट्रान्सिजन्ट, रिकॅल्सिट्रन्ट, पर्टिनेशस, रिफ्रॅक्टरी.

सहाही शब्द सुलट बाजूने पक्के आहेत. शब्द समोर आला की अर्थ लगेच येतो. उलट बाजूला मात्र सहाही कार्डांवर ‘हट्टी, दुराग्रही’ एवढंच लिहिलेलं. मनात ऑब्स्टिनिट आलं आणि कार्डाला हवं होतं इन्ट्रान्सिजन्ट, तर दाबायचं काय? ‘अगेन’ (आठवलं नाही) दाबलं तर येत असलेल्या शब्दावर चूक चढते, आणि अशा आठ चुका झाल्या की अंकी त्याला लीच ठरवतं. ‘हार्ड’ (कष्टाने आठवलं) दाबणं त्याहून वाईट. एफएसआरएस, म्हणजे कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारं अंकीतलं गणित, ‘हार्ड’ला पासच धरतं, त्यामुळे न आठवलेला शब्द पुन्हा दिसण्याचं अंतर उलट वाढतं आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. थोडक्यात, विसरल्यामुळे ही कार्डं लीच झालेली नाहीत. त्यांच्यावरचा प्रश्नच चुकीचा आहे.

पहिला उपाय म्हणून पहिली दोन अक्षरं आणि एकूण अक्षरसंख्या सुचवून पाहिली. ऑब्स्टिनिट आणि ऑब्ड्युरिट दोन्ही ‘ओ-बी’नेच सुरू होतात, म्हणून भेद उरला फक्त नऊ आणि आठचा. तीन-चार फेऱ्यांत डोक्यात बसलं ते ‘आठवालं म्हणजे ऑब्ड्युरिट’. अर्थ बाजूलाच राहिला. अक्षरांची सूचना देऊ नका. कार्ड पास होतं, शब्द मात्र वापरता येत नाही.

दुसरी अडचण अशी की हे सहाही एकाच दिवशी समोर यायचे. ‘बरी सिब्लिंग्ज’ची (भावंडं-कार्डं दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची) सोय फक्त एकाच नोटमधल्या, म्हणजे एकाच नोंदीतून तयार झालेल्या, भावंडांना वेगळं ठेवते, सहा वेगळ्या नोट्समधल्या सारख्या शब्दांचं नातं अंकीला कळत नाही. म्हणून सहाही शब्द एकाच क्लोझ (गाळलेल्या जागांच्या) नोटमध्ये घातले. एका दिवशी एकच यायला लागला, पण साध्या क्लोझमध्ये बाकीचे पाच शब्द उघडे दिसतात. मग उत्तर आठवावं लागत नाही, वजाबाकी करून मिळतं.

जमलं ते असं. नवा नोट टाइप केला: वाक्य १ ते ६ आणि शब्द १ ते ६ अशी बारा फील्ड्स, आणि सहा कार्ड टेम्प्लेट्स. प्रत्येक टेम्प्लेटच्या पुढच्या बाजूला फक्त स्वतःचं वाक्य, मागच्या बाजूला स्वतःचा शब्द. वाक्याचं फील्ड रिकामं असेल तर ते कार्ड तयारच होत नाही, त्यामुळे चार शब्दांच्या पुंजक्यालाही हाच टाइप चालतो. डेक ऑप्शन्समध्ये (कार्डसंचाच्या सेटिंग्जमध्ये) ‘बरी’चे तिन्ही खटके चालू करा: नवी, रिव्ह्यूची आणि दिवस ओलांडून शिकायची भावंडं. एक तोटा पत्करावा लागतो. कार्ड एका नोटमधून दुसऱ्या नोटमध्ये हलवता येत नाही, म्हणून जुना इतिहास जातो आणि सहाही शब्द नव्याने सुरू होतात. चुकीच्या प्रश्नांवर साठलेला तो इतिहास गेलेलाच बरा. डिझायर्ड रिटेन्शन, म्हणजे किती कार्डं आठवायला हवीत त्याचं लक्ष्य, ०.९०च ठेवलं आहे. ते वाढवून असा गुंता सुटत नाही, रोजचा ढीग तेवढा वाढतो.

आता खरं काम, म्हणजे सहा वेगळी मराठी वाक्यं. आधी प्रत्येक शब्दाची मुळी पाहिली, कारण भेद तिथेच सापडतो. ऑब्ड्युरिटमध्ये लॅटिन ‘ड्युरुस’, म्हणजे कठीण. ज्याला पाझर फुटत नाही तो. ‘सगळ्यांनी हातापाया पडून पाहिलं, पण तो ______च राहिला.’ पर्टिनेशसमध्ये धरून ठेवणं आहे, टेनेशससारखंच. पण टेनेशस बहुधा कौतुकाने म्हणतात, पर्टिनेशसमध्ये समोरच्याला होणारा जाच असतो. म्हणून टेनेशसला ‘चिकाटीचा’ आणि पर्टिनेशसला ‘हात धुऊन मागे लागणारा’. रिफ्रॅक्टरीला मराठीत तयारच शब्द आहे, ‘दाद न देणारा’. औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी ती रिफ्रॅक्टरी एपिलेप्सी, आणि आगीला दाद न देणाऱ्या भट्टीच्या विटा त्याही रिफ्रॅक्टरीच. एका वाक्प्रचारात दोन्ही अर्थ बसले.

या महिन्यातला सगळ्यांत मोठा आनंद रिकॅल्सिट्रन्टने दिला. त्याच्या पोटात लॅटिन ‘काल्क्स’ आहे, टाच. टाचेच्या हाडाला कॅल्केनियस म्हणतात, तीच मुळी. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ लाथ झाडणे. आणि मराठीत ‘लाथाळ’ आहेच! धार काढायला बसलं की लाथ झाडून बादली उलटवणारी म्हैस ती लाथाळ. कार्डावर आता एवढंच आहे: ‘शिस्त लावू पाहणाऱ्यावरच लाथा झाडणारा, ______ विद्यार्थी’. तेव्हापासून हे कार्ड एकदाही चुकलेलं नाही.

‘लाथाळ’ खात्रीसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पाहताना नवी युक्ती सापडली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती आहे आणि तिच्यात पूर्ण मजकुरात शोध घेता येतो. म्हणजे मराठी शब्द न घालता ऑब्स्टिनिट हा इंग्रजी शब्दच शोधायचा. ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो आला, ते सगळे एका खाली एक येतात. तयार इंग्रजी-मराठी अ‍ॅप्स सहाही शब्दांना तेच दोन प्रतिशब्द देतात; इथे छटांचा ढीग मिळतो. कोशातलं इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं आहे, म्हणून प्रत्येक शब्द आजच्या लर्नर्स डिक्शनरीत पडताळून घ्या.

इन्ट्रान्सिजन्ट मात्र त्यात शोधू नका. तो शब्द १८७३-७४च्या सुमाराच्या स्पेनमधल्या, तडजोड नाकारणाऱ्या कडव्या प्रजासत्ताकवाद्यांच्या नावावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. १८५७च्या कोशात तो असणारच नाही. त्याच्या कार्डावर ‘मोडेन पण वाकणार नाही’ घातलं होतं आणि ते फार आवडलंही होतं, पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की ते चुकलंय. मराठीत ते स्वाभिमानाने, छाती फुगवून म्हणतात. इंग्रजीत कुणाला इन्ट्रान्सिजन्ट म्हटलं तर बहुतेक वेळा तो दोष असतो. बातम्यांतली ‘ताठर भूमिका’ जास्त बरोबर: ‘दोन्ही बाजूंच्या ______ भूमिकेमुळे वाटाघाटी फिसकटल्या.’ बदल आजच करून टाकतो. यापुढे प्रत्येक पुंजक्यात अर्थाबरोबर ‘स्तुती की दोष’ हेही तपासायचं. ऑब्स्टिनिट राहिला तो साधा ‘हेकट’. त्याला वेगळं काही लागत नाही.

उच्चारांचं थोडक्यात. ‘-एटीई’ने संपणारी विशेषणं बहुधा ‘इट’ने संपतात, क्रियापदं ‘एट’ने. म्हणून ऑब्स्टिनिट, ऑब्ड्युरिट, ‘ऑब्ड्युरेट’ नव्हे. डेलिबरिट आणि डेलिबरेट ही त्याच अक्षरांची जोडी घोकली की नियम बसतो. रिकॅल्सिट्रन्टमध्ये जोर ‘कॅल’वर. देवनागरीत जोर दिसत नाही, तेव्हा जोराचं अक्षर ठळक करा आणि मागच्या बाजूला फोर्व्हो या उच्चारांच्या साइटवरचा माणसाचा आवाज जोडा.

तयार जीआरई डेक्स (परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचे कार्डसंच) वापरावेत का, अशी पुन्हा विचारणा झाली होती. एक शब्द, एक अर्थ आणि तोही वर्णानुक्रमे अशा डेकपासून दूर राहा. ऑब्ड्युरिट आणि ऑब्स्टिनिट अशा डेकमध्ये एकाच आठवड्यात येतात आणि पहिल्या दिवसापासून एकमेकांत मिसळतात. पुंजक्यातला एक शब्द पक्का झाल्यावर, निदान तीन आठवड्यांनी दुसरा घ्या.

पुढचा पुंजका ‘बडबड्या’चा ठरला होता: लोक्वेशसला वाचाळ, प्रोलिक्सला पाल्हाळिक, एवढं तयारही आहे. पण त्याआधी उलटा, न बोलणाऱ्यांचा पुंजका घ्यावासा वाटतोय, कारण तिथे मराठी फार नेमकी आहे. टॅसिटर्नला अबोल. लॅकॉनिकला मोजकं बोलणारा, स्पार्टाच्या लॅकोनिया प्रदेशावरून आलेला. रेटिसन्टला ‘हातचं राखून बोलणारा’. ‘घुमा’ कुठे बसवायचा ते अजून ठरत नाही. त्यात रुसवा आहे, तो टॅसिटर्नमध्ये नाही. सलनमध्ये रुसवाही आहे आणि गप्प बसणंही, तरी खात्री होत नाही. कुणाला नेमका शब्द सुचला तर वाक्यासकट सांगा.