टोपलीत राहिलेली अकरा अंडी

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावड्याच्या पुढे घराघरामागे गावठी कोंबड्या दिसतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या एका पाड्यावर शेळ्यांच्या लसीकरणाला गेलो होतो. काम आटोपत आलं तशी एका मावशींनी टोपली पुढे केली. खुडूक कोंबडी २२व्या दिवशी पिल्लं घेऊन उठली होती. पिल्लं तीनच, टोपलीत अकरा अंडी तशीच.

"डॉक्टर, वळवाच्या गडगडाटानं मेली सगळी. खिळा नि कोळसा ठेवला होता, तरी."

गडगडाट एका रात्रीचा. त्यानंच घात केला असेल तर सगळ्यांची वाढ एकाच टप्प्यावर थांबलेली दिसायला हवी. म्हणून अंगणाच्या कडेला बसून एकेक अंडं बोथट टोकाकडून फोडलं. एक तेवढं वासावरूनच कळलं, ते न फोडता पुरलं. सडलेलं अंडं हातात फुटलं की दिवसभर वास जात नाही.

दोन नितळ निघाली, फळलेलीच नव्हती. तिनांत रक्ताचं बारीक कडं, म्हणजे गर्भ पहिल्या तीन-चार दिवसांतच मेलेला. एकात पूर्ण वाढलेलं पिल्लू, पण डोकं निमुळत्या टोकाला. हवेची पोकळी असते बोथट टोकाला. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीनं पडदा फोडून तिथली हवा घेतं. उलटं वळलेलं बहुतेकदा गुदमरतं. अंडी उबवताना निमुळतं टोक वर राहिलं तर असली पिल्लं जास्त निघतात.

उरलेल्या चारांनी कोड्यात टाकलं. अंगावर लव पूर्ण, पण बलकाची पिशवी अजून पोटाबाहेर. ती पोटात ओढली जाते १९व्या दिवसापासून पुढे. म्हणजे ही पिल्लं फार तर १७-१८ दिवसांची. कोंबडी तर २२ दिवस बसलेली!

"मावशी, अंडी किती ठेवली होती?"

"धाच."

तीन आणि अकरा, चौदा. खुडूक दाणे टिपायला उठली की दुसऱ्या कोंबड्या त्याच टोपलीत अंडी घालतात. ही चार चौथ्या-पाचव्या दिवशी आलेली. आधीची पिल्लं निघाली, आई त्यांना घेऊन चालती झाली आणि मागची थंड पडली. जिवंत पिल्लं कवचात मेली ती इथे.

रक्ताच्या कड्यांचं कारण घरात सापडलं. अंडी पंधरा दिवस पत्र्याखाली डब्यात जमवलेली. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली गर्भ अर्धवट वाढायला लागतो, रात्री थांबतो, पुन्हा वाढतो. कोंबडीखाली जाईपर्यंत त्यात जीव उरत नाही. सात दिवसांपर्यंतची अंडी घ्यावीत, ती ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, बोथट टोक वर करून ठेवावीत. धुऊ नयेत; मळकी असतील तर ती खायलाच वापरावीत.

गावठी कोंबडीला दहा-बारा अंडी पुरे. जास्त झाली की कडेची उघडी पडतात. सगळी एकाच दिवशी, संध्याकाळनंतर ठेवावीत आणि वर डालगं झाकावं. दिवसातून एकदा १५-२० मिनिटं दाणा-पाण्याला सोडावी, तेवढ्या वेळात इतर कोंबड्यांना टोपलीपाशी फिरकू देऊ नये. सातव्या रात्री मोबाईलची बॅटरी अंड्यामागे धरावी: लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नितळ असेल तर काढून टाकावं. १८व्या दिवसानंतर हात लावू नये. कवचाला टवका पडल्यावर पिल्लू बाहेर यायला कधी कधी पूर्ण दिवस लागतो. घाईनं सोललं तर आतल्या शिरा फाटून रक्त जातं.

"मग खिळा-कोळसा नको?"

खिळ्याचं काही म्हणणं नाही. कोळसा मात्र हवाच, त्यानं पहिल्याच दिवशी प्रत्येक अंड्यावर फुली मारायची. रोज संध्याकाळी टोपलीत बिनफुलीचं दिसलं की उचलायचं. एका दिवसाचं अंडं खायला चालतं.