आमची वाटचाल : तीन वायरींचं काम

मोठ्या मोटरसायकलींना क्रूझ असतो, म्हणजे मूठ पिळून न धरता वेग कायम ठेवायची सोय. त्याचा स्विच उजव्या मुठीवरून डावीकडे न्यायचं काम पुण्यात आता बऱ्याच ठिकाणी होतं. पहिल्यांदा कुणी केलं म्हणून विचारलंत तर जो तो स्वतःचंच नाव सांगेल. सांगू दे. आमच्या अशा पहिल्या कामाचं, एका डॉक्टरांच्या गाडीचं, जॉब कार्ड आमच्या फाइलला लावलेलं आहे, पाठीमागे पेन्सिलीने काढलेली आकृती आहे. ज्याला बघायची असेल त्याने येऊन बघावी.

सुरुवात नाना पेठेतली. एक अरुंद गाळा, मी आणि माझा थोरला मावसभाऊ. त्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. येझदीचं सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करून द्यायचं, कॉइल भरायची, हॉर्न, इंडिकेटर, असली कामं. दादाचा एक नियम होता. वायर पिळून वर टेप गुंडाळलेली दिसली की तो तिथेच कातरून टाकायचा, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. गिऱ्हाईक चिडायचं, दादा कातर खिशात ठेवून सोल्डर गरम करायला घ्यायचा. पुढे तो गावी शेतीकडे गेला. हिशेब एका दुपारी मिटला, कारण सगळं वहीत होतं. भावाभावांत धंदा करणाऱ्यांनी आधी वही आणावी, पाटी मागाहून रंगवावी.

२०१० मध्ये हार्ले-डेव्हिडसनची शोरूम आपल्याकडे सुरू झाली आणि मोठ्या गाड्या दिसायला लागल्या. या गाड्यांना क्रूझ असतो, पण तो वापरायचा कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, आता समृद्धीवरही बंदी. राहता राहिला बंगळुरू हायवे. कागल-निपाणी मागे पडलं की हुबळी, दावणगेरे, थेट चित्रदुर्गापर्यंत मूठ धरून हात भरून येतो. आमचं गिऱ्हाईक ते. तोवर आम्ही नऱ्ह्याला मोठ्या शेडमध्ये आलो होतो.

डॉक्टर सांगलीचे. गाडी हार्लेची, २०१२ ची अल्ट्रा क्लासिक. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी फ्रॅक्चर झालेलं, हाड जुळलं पण अंगठा पूर्वीसारखा फिरेना. त्या मॉडेलला क्रूझचा मेन स्विच फेअरिंगवर, म्हणजे पुढच्या कवचावर, आणि वेग पक्का करायचं व परत लावायचं सेट-रिझ्यूमचं बटण उजव्या मुठीजवळ. म्हणजे थ्रॉटल धरायचा त्याच हाताने आणि अंगठा लांबवून बटण दाबायचं तेही त्याच हाताने. धडधाकट माणसाचासुद्धा तेवढ्यात वेग इकडेतिकडे होतो.

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, बटण या हाताला आणून द्या. आणि गाडी विका असं सांगू नका, ते सांगायला घरी माणसं आहेत."

काम ऐकायला सोपं. २००८ पासून हार्लेच्या टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याच्या, गाड्यांना थ्रॉटलची केबल नाही, मुठीत सेन्सर आहे आणि सगळं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, बघतो. क्रूझच्या बटणातून नुसता इशारा जातो: एक कॉमन, एक सेट, एक रिझ्यूम. तीन वायरी. करंट नावालाच. पण करंट कमी आहे म्हणूनच जोड चांगला लागतो. हेडलाइटचा जोड खराब झाला तर उजेड कमी होतो, तुम्हाला दिसतं. इशाऱ्याच्या वायरीचा जोड खराब झाला तर क्रूझ कधी लागतो, कधी लागत नाही, आणि शेडमध्ये आणली की गाडी शहाण्यासारखी चालते.

म्हणून सोल्डरही नाही. दादाला हे पटलं नसतं, पण हार्लेच्या दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विन इंजिनाच्या थरथरीत सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते. आमच्याकडे जपानी क्रिम्पर आहे, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवायची पक्कड, इंजिनिअर कंपनीचा पीए-०९. त्या वेळी तो मागवला तेव्हा घरी आठवडाभर बोलणी खाल्ली. टर्मिनलला चार पंख असतात. पुढचे दोन उघड्या तांब्यावर मिटतात, मागचे दोन इन्सुलेशनवर. पुढचे मिटल्यावर त्याचा आकार मधे घडी पडलेल्या पानासारखा दिसला पाहिजे आणि एकही तार बाहेर डोकावता कामा नये. मग हलका ओढा द्यायचा. टर्मिनल सुटलं तर कातरून टाकायचं, परत नवं. मागचे पंख लोक दाबतच नाहीत. ताण सगळा त्यांच्यावर असतो.

डॉक्टरांच्या गाडीचं बाहेरचं फेअरिंग उतरवलं, आतल्या कनेक्टरपासून नवीन वायर डाव्या बाजूला हँडलच्या पाइपातून ओढली, क्लचच्या क्लॅम्पखाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून पाणी न शिरणारं बटण बसवलं. उजवीकडचं मूळ बटण जिथल्या तिथे ठेवलं, नुसतं आतून वेगळं केलं. उद्या गाडी विकायची वेळ आली तर तासाभरात पूर्ववत. मग खेड शिवापूरपर्यंत चक्कर. सेट केला, ब्रेकला नुसतं बोट लावलं, सुटला. परत सेट, क्लच ओढला, सुटला. परत सेट, मूठ बंद करून आणखी पुढे रेटली, सुटला. हे तिन्ही बघितल्याशिवाय आम्ही चावी देत नाही. ब्रेक लावताच क्रूझ सोडणारा कट-ऑफ बायपास करून द्या म्हणणारेही येतात. त्यांना चहा मिळतो, काम मिळत नाही.

पुढे २०१४ च्या टूरिंग मॉडेलांना हार्लेने स्वतःच क्रूझ डाव्या हाताला दिला. डॉक्टरांचा फोन आला, "मिस्त्री, अमेरिकेवाल्यांनी तुमची कॉपी मारली!" त्यांनी ही गोष्ट त्यांच्या सगळ्या ग्रुपला सांगितली. नंतरची वर्षं बरी गेली.

मग तो प्रकार झाला. आमच्याच शेडमध्ये ज्याचा हात बसला त्या पोराने पलीकडच्या रस्त्याला दुकान टाकलं. टाकू दे, आम्हीही कुणाकडे तरी शिकलोच. पण तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "काम तेच, माणसं तीच, पैसे निम्मे." एका होंडा गोल्डविंगचा स्विच त्याने हलवला. २०१७ पर्यंतच्या गोल्डविंगला क्रूझची सगळी बटणं उजवीकडे असतात. पण तिचं फेअरिंग चासीला पक्कं असतं आणि हँडल एकटंच फिरतं, त्यामुळे हँडलच्या लूमला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, मधे नेमकी ढील लागते. कमी पडली तर ताण, जास्त झाली तर चिमटा. ती गाडी खंबाटकी घाटात वळणावर बंद पडली. जीव वाचला, गाडी टेम्पोतून आली, आणि बातमी फिरली ती आमच्या नावाने.

त्या मोसमात शेडमध्ये गाडी नव्हती. बुकिंग केलेले फोन उचलेनात. दोन कारागीर गेले, त्यांतला एक पलीकडेच गेला. भाडं थकलं. घरमालक सज्जन, पण तोही विचारायला लागला की ती गाडी तुमचीच होती का. मी कुणाकुणाला समजावणार? बिलबुक दाखवलं तर लोक म्हणत, बिल काय, नंतरही फाडता येतं.

डॉक्टर न सांगता आले. बरोबर त्या गोल्डविंगचे मालक, ग्रुपमधले आणखी चारपाच जण, आणि टेम्पोत ती गाडी. म्हणाले, "उघडा. सगळ्यांसमोर." उघडली. क्रूझच्या वायरी कापून पिळलेल्या, वर काळी टेप, आणि उन्हाने टेपचा डिंक बाहेर येऊन बोटाला चिकटत होता. नवी वायर आखूड पडली म्हणून सगळा लूमच ओढून घेतलेला. त्याच लूममध्ये किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर असते. हँडल पूर्ण वळवलं की ती ब्रॅकेटच्या कडेला घासत होती, आणि घासून घासून तांबं उघडं पडलं होतं. ते चासीला टेकलं, फ्यूज गेला, इंजिन बंद. मी एक शब्द बोललो नाही. मालकांनी मोबाइलवर जुनी पावती शोधली, पलीकडच्या दुकानाची.

ज्यांनी बातमी फिरवली त्यांच्यातल्या कुणीही उलट बातमी फिरवली नाही. तो पोरगा अजून रस्त्यात दिसला की हसून हात करतो. मी करत नाही.

आता तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. जुन्या गाड्यांना ऑडिओव्हॉक्स कंपनीचा व्हॅक्यूमवर चालणारा सीसीएस-१०० हा क्रूझचा किट बसवलेला असेल आणि हौसेने एलईडी ब्रेकलाइट टाकलात, तर क्रूझ लागणार नाही. त्या किटला ब्रेकच्या साध्या बल्बमधून अर्थिंग मिळतं, एलईडीतून ते मिळत नाही. मधे रिले टाका, किट फेकू नका. दुसरं, नवीन गाड्यांत स्विच थेट बोलत नाही, मॉड्यूलमार्फत, म्हणजे छोट्या कंप्युटरमार्फत, बोलतो. तिथे कुणी टेस्ट लॅम्प टोचायला लागला तर चावी परत मागून घ्या. मीटर लावणारा माणूस शोधा. अशा गाड्यांचं बटण हलवायला आम्ही सरसकट हो म्हणत नाही. तयार प्लग मिळत असेल तरच हात घालतो, मूळ वायर कापत नाही.

डॉक्टर अजून येतात, बॅटरी बदलायला आणि गप्पांना. गाडी तीच आहे.

काम असेल तर आधी फोन करून या. फेअरिंग उतरवावं लागतं, म्हणून मोबाइल होल्डर, कॅमेऱ्याचे माउंट, चिकटवलेला गणपती घरूनच काढून आणा. आणि आधी कुणी वायरिंगला हात लावला असेल तर तसं सांगा. उघडल्यावर कळतंच, पण दर वेगळा पडतो.